चोर कुलूप फोडीत नाही

विद्यार्थी मित्रहो, आज आपण थोडा वेळ एका चोराच्या जागी उभे राहून विचार करणार आहोत. दचकू नका. आपल्या किल्ल्याची तटबंदी कोठे भक्कम आणि कोठे कच्ची, हे शत्रूच्या नजरेने पाहिल्याखेरीज कळत नाही.

समजा, या चोराला तुमच्या वडिलांच्या बँकखात्यातले पैसे हवे आहेत. त्यासाठी त्याला सहा अंकांची एक संख्या लागते. बँक ती वडिलांच्या मोबाइलवर पाठविते. ती एकदाच चालते आणि काही मिनिटांत निकामी होते. तिला लहानथोर सगळे ओटीपी म्हणतात. चोराने ती अंदाजाने ओळखायची ठरविली तर? ०००००० पासून ९९९९९९ पर्यंत बरोबर दहा लाख संख्या होतात. दोन-चार चुका झाल्या की दार बंद होते. त्याला तीन प्रयत्न मिळतात असे धरू. म्हणजे यश मिळण्याची शक्यता १०,००,००० मध्ये ३. नाणे लागोपाठ १८ वेळा उडवून अठराही वेळा छापच पडण्याची शक्यता २,६२,१४४ मध्ये १ असते. चोराची शक्यता त्याहूनही कमी! या हिशोबावर कोणता शहाणा चोर धंदा करील?

बरे, मग तो वाटेतच निरोप चोरू पाहील. तुमच्या मोबाइलपासून बँकेच्या संगणकापर्यंत जाणारा मजकूर सांकेतिक लिपीत गुंडाळलेला असतो. त्यासाठी वापरली जाणारी एक पद्धत योआन डेमेन आणि व्हिन्सेंट रेमेन या दोन बेल्जियन संकेतशास्त्रज्ञांनी तयार केली आणि अमेरिकेने ती २००१ साली प्रमाण म्हणून स्वीकारली. तिच्या सर्वांत लहान किल्लीतही १२८ स्थाने असतात आणि प्रत्येक स्थानी ० किंवा १. एकूण किल्ल्या किती? २ चा १२८ वा घात, म्हणजे ३९ अंकी संख्या. एखादा संगणक सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या लावून पाहू लागला, तरी सगळ्या लावून व्हायला जो काळ लागेल तो विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सुमारे ७८ कोटी पट भरतो. (विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षे धरा आणि आकडेमोड स्वतः करून पाहा. माझे उत्तर बरोबर आहे असे गृहीत धरू नका.)

तेव्हा कुलूप फोडणे शक्य नाही. चोराने हे गणित केलेले नसले, तरी त्याचे उत्तर त्याला पक्के ठाऊक असते. म्हणून तो कुलपाला हात लावीत नाही. तो फोन उचलतो आणि किल्ली मागतो.

इंटरनेटवरील सुरक्षिततेविषयी शाळाशाळांतून व्याख्याने होतात. 'हे करू नका, ते करू नका' अशा याद्या भिंतीवर लागतात. माझा त्यांना विरोध नाही. परंतु मूळ गोष्ट त्यात सांगितली जात नाही. हल्ला यंत्रावर होत नसून माणसाच्या मनावर होतो, आणि मनाची तटबंदी कच्ची ठेवण्यात आपल्या घरांचाही हात असतो. ते कसे, हे सांगण्यासाठी मला माझ्या थोरल्या बहिणीची हकीकत सांगावी लागेल. तिची परवानगी घेतली आहे.

ताई साताऱ्याला राहते. चाळीस वर्षे बालवाडी चालवून निवृत्त झाली. व्यवहाराला अत्यंत चोख. भाजीवालीकडून एक रुपया जास्त आला तरी परत नेऊन देणारी. २०२२ सालच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी तिच्या मोबाइलवर निरोप आला की, मागील महिन्याच्या वीजबिलाची नोंद झालेली नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडण्यात येईल, ताबडतोब पुढील क्रमांकावर संपर्क साधा. भावोजींना दमा आहे आणि त्यांचे वाफेचे यंत्र विजेवर चालते. ताईने फोन लावला. पलीकडचा मनुष्य अतिशय नम्र होता. "घाबरू नका काकू, फक्त नोंद अद्ययावत करायची आहे," असे म्हणून त्याने तिला एक ॲप घ्यायला लावले आणि दहा रुपये भरायला सांगितले. ते ॲप म्हणजे मोबाइलचा पडदा दुसऱ्याला जसाच्या तसा दाखविणारी खिडकी होती. ताई जे जे टाईप करीत गेली, ते तो पाहत गेला. ओटीपी तिने तोंडाने सांगितलाच नाही. तो आला तेव्हा दोघांनाही एकदमच दिसला. खात्यातून बेचाळीस हजार रुपये गेले.

इथवरची गोष्ट अनेकांच्या बाबतीत घडली आहे. पुढची अधिक महत्त्वाची आहे. ताईने हे सहा दिवस कोणालाही सांगितले नाही. भावोजींना नाही, पुण्यातल्या मुलाला नाही, मलाही नाही. सातव्या दिवशी सुट्टीसाठी आलेल्या नातीने, म्हणजे नववीतल्या मुलीने, आजीच्या मोबाइलमध्ये ते ॲप पाहिले आणि विचारले, "आजी, हे कोणी घालून दिलं?" तेव्हा कोठे ताई रडली. पुढे तक्रार झाली, पोलिसांनी ती नीट लिहूनही घेतली, पण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे कधीच पांगले होते. ते परत आले नाहीत.

मी तिला विचारले, "ताई, लगेच का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "अरे, तो म्हणाला असता, शंभरदा सांगितलं होतं तुला, आई. पैशापेक्षा ते ऐकणं नको वाटलं."

मित्रहो, ही फसवणूक विज्ञानाच्या विद्यार्थ्याने एखाद्या प्रयोगासारखी तपासावी अशी आहे. तिचे तीन घटक आहेत. पहिली भीती: वीज जाईल, खाते गोठेल, अटक होईल. दुसरी घाई: आज रात्री साडेनऊला. आणि तिसरा घटक एकांत: कोणाला सांगू नका, फोन ठेवू नका. भीती वाटली तरी माणूस शेजाऱ्याला विचारतो. घाई असली तरी विचारतो. तिसरा घटक मिसळला म्हणजेच मिश्रण पेट घेते. 'डिजिटल अटक' नावाचा प्रकार पाहा. पोलिसाचा गणवेश घातलेला कोणीतरी व्हिडिओवर येतो आणि वृद्ध माणसाला दिवसेंदिवस खोलीत बसवून ठेवतो. आपल्या कायद्यात अशी कोणतीही अटक नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या आपल्या आकाशवाणीवरील भाषणात पंतप्रधानांनाही हे सांगावे लागले. तो भामटा दार का लावून घ्यायला सांगतो? घरातले दुसरे माणूस आत आले की सगळे नाटक एका मिनिटात कोसळते, म्हणून.

आणि आता कटू गोष्ट. हा एकांत दर वेळी चोराला तयार करावा लागत नाही. पुष्कळदा तो घरात आधीच तयार असतो. ताईच्या घरी तो होता. तिला रागावले जाण्याची, हसले जाण्याची धास्ती होती आणि त्या धास्तीने चोराला सहा दिवस आयते मिळाले.

सहा दिवसांना एवढे महत्त्व का? चोरलेला पैसा नदीच्या पाण्यासारखा वाहत असतो. बांध घालायचा तो पाणी पुढे जाण्यापूर्वी. यासाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तेथे तक्रार गेली की पैसा ज्या बँकेत पोहोचला असेल तिला सूचना जाते आणि तो अजून तेथेच असेल तर अडविला जातो. पहिल्या तासात केलेला फोन आणि सहाव्या दिवशी केलेला फोन यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचे अंतर पडते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचे तत्त्वही हेच होते. चूक ग्राहकाची असली, तरी त्याने बँकेला कळविल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचे, असे त्यात म्हटले होते. म्हणजे बोलण्याची किंमत चक्क रुपयांत मोजता येते.

जाता जाता, पैसा 'पांगतो' तो कोणाच्या खात्यांत? यातील काही खाती तुमच्याहून थोड्याच मोठ्या मुलांची असतात. 'तुझे खाते महिनाभर वापरू दे, दोन-तीन हजार देतो' असे म्हणणारा कोणी भेटला, तर तो तुमच्या नावाने चोरीचा माल ठेवायला कोठी मागतो आहे असे समजा. पोलीस प्रथम त्या खात्याच्या मालकाकडे येतात.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. फोनवर नम्रपणे बोलणारा तो मनुष्य कोण असतो? संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसांना डांबून ठेवून त्यांच्याकडून अशी फसवणूक करवून घेतली जात असावी, असा अंदाज त्यात होता. संगणकावरच्या चांगल्या पगाराच्या नोकरीची जाहिरात पाहून गेलेले तरुण त्यांत होते. भारतीयही अशा ठिकाणांहून सुटून आले आहेत. याचा अर्थ चोराला माफ करावे असा नव्हे. परंतु बारावीनंतर परदेशातल्या नोकरीची एखादी झकास जाहिरात तुमच्या मोबाइलवर आली, तर ही माहिती तुमच्या उपयोगी पडेल.

आता तुमच्या वयाचा प्रश्न. तुमच्याकडे बँकखाते नसेल, पण गुपिते असतात. कोणी अनोळखी मुलगा वा मुलगी म्हणून ओळख वाढवितो, महिनाभर गोड बोलतो, एखादे खाजगी छायाचित्र मागून घेतो आणि दुसऱ्या दिवशी म्हणतो, 'पैसे दे, नाही तर हे तुझ्या वर्गात पाठवितो.' कधी कधी तर छायाचित्र खरे नसतेच. संगणकाने चेहरा चिकटविलेला असतो. घटक तपासा: भीती, घाई, एकांत. तेच तिन्ही. फक्त येथे एकांत सर्वांत घट्ट असतो, कारण 'घरी कळले तर मारतील' ही भीती पलीकडच्या धमकीपेक्षा मोठी वाटते.

अशा वेळी त्याला पैसे देऊन सुटका होत नाही. देणारा सापडला म्हणून मागणी वाढते. उत्तर देणे थांबवावे, आलेले निरोप पुसून न टाकता पुरावा म्हणून ठेवावेत, आणि आई, मावशी, काका, बाई, सर, जो कोणी विश्वासाचा असेल त्या एका मोठ्या माणसाला सांगावे. कोणीच नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. ही फसगत झालेले मूल गुन्हेगार ठरत नाही. लहान मुलांची अशी छायाचित्रे मिळविणे, बाळगणे, पसरविणे हे २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गंभीर गुन्हे आहेत.

या बाबतीत विज्ञानाने एक सुंदर युक्ती दिली आहे. अमेरिकेतील एक बालसंरक्षण संस्था 'टेक इट डाऊन' नावाची मोफत सेवा चालविते. अठरा वर्षांखालील असताना काढलेले आपले छायाचित्र पसरू नये असे ज्याला वाटते, त्याने ते कोणालाही दाखवावयाचे नसते! त्याच्याच मोबाइलमध्ये गणिती क्रियेने त्या चित्राचा एक ठसा तयार होतो. ठसा म्हणजे आकड्यांची व अक्षरांची एक ओळ. अंगठ्याच्या ठशावरून जसा माणूस तयार करता येत नाही, तसे या ओळीवरून चित्र पुन्हा उभे करता येत नाही. मात्र तेच चित्र दुसरीकडे दिसले तर ओळखता येते. संस्थेकडे फक्त ही ओळ जाते आणि सहभागी कंपन्या तिच्या आधारे आपल्याकडचे चित्र शोधून काढून टाकतात. सर्वच ठिकाणी हे चालत नाही, हे खरे; पण लाजेने गप्प बसलेल्या मुलाला, काहीच करता येणार नाही असे वाटत असताना, केवढा हा आधार!

यावर काही पालक म्हणतील, "म्हणूनच आम्ही मोबाइल देत नाही." मला हा उपाय पटत नाही. लहान मुलांच्या हाती तासन्‌तास मोबाइल देऊ नये, हे ठीक आहे. पण चौदा वर्षांच्या मुलाला सक्त बंदी केली की तो मित्राचा मोबाइल वापरतो. मग त्याच्याजवळ दोन गुपिते होतात: एक घडलेला प्रकार आणि दुसरे, मोबाइल वापरल्याचे. बंदीने एकांत वाढतो.

त्यापेक्षा घरात एक करार करावा. ज्याची फसगत होईल, मग ती आजी असो की नात, त्याला कोणी बोलावयाचे नाही. आधी १९३०, मग बँक, मग चहा. रागवायचेच असेल तर महिन्याने रागवा.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुम्हालाही एक सुचवितो. याद्या पाठ करून घेण्याऐवजी हा विषय तासात आणा. गणिताच्या तासाला संकेतशब्दाचा हिशोब करा. इंग्रजीची आठ छोटी अक्षरे कशीही घेतली तर २६ चा ८ वा घात, म्हणजे सुमारे २०,८८३ कोटी शब्द होतात. एखाद्या कंपनीकडून चोरलेली संकेतशब्दांची यादी घरी नेऊन चोराने सेकंदाला शंभर कोटी या वेगाने प्रयत्न केले, तर ते साडेतीन मिनिटांत संपतात. तशीच सोळा अक्षरे घेतली तर सुमारे १३ लाख ८० हजार वर्षे! चिन्हांची कसरत करण्यापेक्षा लांबी वाढविणे फायद्याचे. अट एवढीच की, अक्षरे खरोखर कशीही घेतलेली हवीत. स्वतःचे नाव आणि जन्मसाल जोडणाऱ्याला हा हिशोब लागू नाही.

भूगोलाच्या तासाला पत्ता वाचायला शिकवा. आपण टपालाचा पत्ता लिहितो तेव्हा गाव आधी आणि जिल्हा शेवटी येतो. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली इंटरनेटवरील नावांची जी व्यवस्था बसविली, तिच्यातही मोठे घर शेवटी असते. म्हणून पहिल्या तिरक्या रेषेपर्यंतचे नाव उजवीकडून डावीकडे वाचावे. 'अमुकबँक डॉट बिलभरणा डॉट कॉम' हे नाव बँकेचे नसून 'बिलभरणा' नावाच्या कोणा मालकाचे आहे. डावीकडे तो वाटेल ते लिहू शकतो. 'कोल्हापूरची भेळ' असे लिहिलेली गाडी नाशिकला उभी असते, म्हणून नाशिक कोल्हापूर होत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली आपल्या बँकांना 'डॉट बँक डॉट इन' असा शेवट असलेली नावे ३१ ऑक्टोबरपर्यंत घेण्यास सांगितले, ते याच कारणासाठी. शेवट पाहा, मालक कळेल.

आणि मराठीच्या तासाला फसवणुकीचे चार-पाच निरोप फळ्यावर लिहा. त्यांतील आज्ञार्थी क्रियापदांखाली रेघा मारायला सांगा. 'ताबडतोब', 'आजच', 'अन्यथा' हे शब्द मोजायला सांगा. एवढे केलेल्या मुलाच्या हाती असा निरोप आला, की त्याचे मन आधी रेघा मारू लागेल. पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही, हे एक वाक्य तेवढे मात्र पाठ असू द्या.

आता ताईकडे पुन्हा जाऊ. हल्ली आवाजाच्या थोड्याशा नमुन्यावरून संगणक हुबेहूब तसाच आवाज काढतो. 'आजी, माझा अपघात झालाय, पैसे पाठव' असे नातीच्या आवाजात कोणीही म्हणू शकतो. म्हणून त्या नववीतल्या मुलीने (आता ती महाविद्यालयात जाते) घरात किल्ल्यावरच्या पहारेकऱ्यांसारखा एक परवलीचा शब्द ठरविला. अडचणीचा फोन आला की आधी तो शब्द विचारायचा. दर दिवाळीला तो बदलतात. ताईने आपल्या बालवाडीतल्या जुन्या गाण्यांतून एक शब्द सुचविला आणि तो एकमताने मंजूर झाला, असे समजते. परवा बोलता बोलता मी तिला तो विचारला.

"फोनवर नाही सांगणार," ती म्हणाली, "आणि आधी तू तूच आहेस कशावरून?"